पहिली ट्रॉली

आमच्या दारात सध्या वाळूचा ढीग पडलेला आहे. जळगावला पिंप्राळ्यात आमचं दोन खोल्यांचं घर, मागे एक खोली वाढवायचं बरेच दिवस चाललं होतं. मिस्त्री म्हणाला, "दगडाची भुकटी चालते, पण प्लास्टरला नदीची वाळू ती नदीची वाळू." मी म्हटलं, आणा मग. कुठून आणणार ते विचारलं नाही. न विचारण्याची मला जुनी सवय आहे.

परवा रिक्षा लावून घरात शिरत होतो, तर धाकटीनं त्या ढिगातून काढलेली वस्तू माझ्यापुढे धरली. "पप्पा, हा दगड आहे का?"

शिंपला होता. बोटभर लांब, पाठ काळपट हिरवी, आतून चकचकीत. मी तो अंगठ्यानं पुसला आणि म्हणालो, "गिरणेचा आहे."

"कशावरून?"

कशावरून ते तिला सांगता येईना. असल्या शिंपल्याची पाठ दगडावर घासून तिला भोक पाडलं की काकडी सोलायला ते विळीपेक्षा बरं. साल कागदासारखी पातळ निघते, गर वाया जात नाही. हे मला गेंदाअक्कानं दाखवलं होतं. शिंपला हातात आल्यापासून दोन दिवस अक्का डोक्यातून जात नाही. मी आठवीत शाळा सोडलेला माणूस, लिहिण्याचा सराव नाही. पण त्या ढिगाकडे पाहिलं की वाटतं, तिच्याबद्दल कुणाला तरी सांगितलं पाहिजे.

गेंदाअक्का नदीत राहायची. काठावर नाही, नदीत. भडगावच्या खालच्या अंगाला एका गावाजवळ गिरणा मोठं वळण घेते. पावसाळा सरून पाणी ओसरलं की तिथं वाळूचे लांबच लांब पट्टे उघडे पडायचे. त्यात अक्का वाडी करायची. ओल लागेपर्यंत वाळूत चर खणायचे, त्यात शेणखत घालायचं आणि टरबूज, खरबूज, काकडी लावायची. भोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण, एका कडेला तुऱ्हाट्यांची खोपी. आषाढात नदी आली की वाडी, कुंपण, खोपी सगळं घेऊन जायची. अक्का काठावर उभी राहून बघायची आणि म्हणायची, "लई जा माय, तुन्हंच शे." कार्तिकात पुन्हा नवी वाडी, नवी खोपी. नदी जुनी वाळू नेते आणि नवी आणून टाकते, हे तिनं जन्मभर पाहिलं होतं. कुणी सांगितलेलं असतं तर तिनं दहा वेळा तपासलं असतं, पण हे तिनं डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

बुटकी, रुंद हाडाची बाई. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं. डाव्या हातात कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या आणि उजवा हात साफ मोकळा. नवरा मरून वर्षं झाली होती, तरी बांगड्या तिनं काढल्या नव्हत्या. त्यावरून गावात कुणी बोललं तर ती उजवा हात दाखवून म्हणायची, "हाऊ हात त्यान्हा नावना. खूश?" उजव्या हाताचं खरं कारण वेगळं होतं, ते मला पुढे कळलं.

मी मूळचा परभणीकडचा. गावात काम नव्हतं, मेव्हण्याच्या ओळखीनं इकडे ट्रॅक्टरवर आलो तेव्हा तिशीला टेकलो होतो. बायको, थोरली पोरगी गावाकडेच. आमच्या मालकांना सगळे दादा म्हणत. त्यांचे तीन ट्रॅक्टर वाळूवर चालायचे. परवान्याचा कागद कधी असायचा, कधी नसायचा. मी विचारलं नाही.

पहिल्याच आठवड्यात भरलेली ट्रॉली घेऊन मी नदीत रुतलो. नदीतून गाडी काढायची कला वेगळी असते, हे आमच्या काळ्या मातीतल्या माणसाला काय माहीत. मी रेस देत होतो आणि मागची चाकं खाली खाली जात होती. तेवढ्यात एका वाडीतून आवाज आला. बाई कंबरेवर हात ठेवून मला काहीतरी झाडून सांगत होती आणि मला त्यातलं निम्मं कळत नव्हतं.

"ओ भो! कितला जोर लावशी? तुन्हा बापनी नदी शे का?"

"काय म्हणता अक्का? मला कळंना!"

"कळंना!" तिनं माझी नक्कल केली. "कोनता गावना शे तू?"

"परभणीकडचा."

"अरे देवा. इतला लांबथून वाळू चोराले उना?" मग ती जवळ आली, वाकून चाक पाहिलं आणि म्हणाली, "इंजन बंद कर. चाकनी हवा सोड. निम्मी."

"हवा सोडल्यावर गाडी चालंल कशी?"

"तू सोड तं खरं. फुगेल चाक वाळूमा घुसस. मऊ चाक वाळूवर बसस."

मी काडीनं हवा सोडली. तिनं काठच्या झाऊच्या झुडपाच्या फांद्या आणून चाकांपुढे टाकल्या. ट्रॉली दुसऱ्या झटक्याला वर आली. मी आभार मानायला उतरलो, तर ती वाडीत निघूनही गेली होती. परत आली ती काकडी घेऊन. तिथंच उकिडवी बसून शिंपल्यानं तिनं ती सोलली, मधोमध चिरली, आणि अर्धी माझ्या हातावर ठेवली. "खाई ले. चोरी बी उपाशीपोटे करू नही."

त्या दिवसापासून माझी दुपारची भाकरी तिच्या खोपीच्या सावलीत. मी तिथं पाच उन्हाळे होतो. तिच्याकडून मी एकदाही विकतची काकडी घेतली नाही, म्हणजे तिनं घेऊ दिली नाही. परक्या मुलखात आपल्यावर रोज ओरडायला कुणी असलं की माणूस टिकतो. मी टिकलो तो तिच्या ओरडण्यावर.

तिचा झिरा म्हणजे देवघर होतं. झिरा म्हणजे वाळूत हातानं उकरलेला खळगा, त्यात खालून स्वच्छ पाणी झिरपून येतं. पहिल्यांदा मी तहानेनं चप्पल घालूनच झिऱ्यापाशी बसलो, तर पाठीत धपाटा बसला.

"चप्पल काढ पहिले. तुन्ही मायना तोंडवर पाय ठेवशी का?"

तिची रीत ठरलेली होती. चप्पल बाहेर, उकिडवं बसायचं, करवंटीनं पाणी घ्यायचं. पहिली करवंटी प्यायची नाही, बाजूच्या वाळूवर ओतायची. "नदीनं नदीले." मग दुसरी आपली. तीनपेक्षा जास्त एकदम घ्यायच्या नाहीत, थांबायचं, पाणी पुन्हा भरू द्यायचं. आणि झिऱ्यात हात घालताना वाजू द्यायचं नाही. उजव्या हातात बांगड्या का नाहीत, ते मला तिथं समजलं.

"बांगड्या वाजन्यात का पानी बुजस," ती म्हणायची.

"पाणी काय बैल आहे बुजायला?"

"तू परभनीना. तुले नही समजाव."

पाणी मोजायचं तिचं मापही तिचा हातच. कुणी विचारलं, यंदा पाणी किती खोल लागलं, तर ती फुटाबिटात सांगत नसे. मनगटभर, कोपरभर असं सांगायची. मी पहिल्या उन्हाळ्यात आलो तेव्हा चैत्रातही पाणी मनगटाच्या जरा वर होतं. ती हात घालायची, थांबायची, डोळे मिटायची, जसं कुणी नाडी बघावी तसं. आणि वर काढलेला ओला हात पदराला पुसायची नाही, तोंडावरून फिरवायची.

दुसरी तिची एक खोड होती, त्यावरून मी तिला फार चिडवायचो. तोडणी झाली की प्रत्येक वेलावरचं शेवटचं फळ ती तसंच ठेवायची. कितीही चांगलं असो. व्यापारी गाडी घेऊन उभा राहायचा, म्हणायचा, "अक्का, ते बी दे ना, एवढं मोठं टरबूज!" ती म्हणायची, "ते इकेल शे."

"कुणाला?"

"कोल्हाले."

आणि खरंच पहाटे कोल्हा येऊन ते फोडून खायचा. वाळूवर त्याचे पाय उमटलेले असायचे. मी म्हणायचो, अक्का, कोल्ह्याला कशाला जेवण, तो काय तुझा जावई? ती शांतपणे सांगायची, "मी नदीमा उनू त्यान्हा पहिले तो व्हता. त्यान्ही वाडीमा मी शे, मन्ही वाडीमा तो नही."

ती हसवायची फार. आमची गिरणा आता बारा महिने वाहत नाही. वरच्या धरणातून आवर्तन सुटलं तरच पात्रात पाणी येतं. अक्का त्याला म्हणायची, "माय आते सरकारी नोकरीले लागनी. सायेब सोडस तव्हय येस. सुट्टी नही, रजा नही." पण हे बोलून झालं की ती वरच्या अंगाला, वळणापलीकडे, बघत बसायची.

चौथ्या उन्हाळ्यात मला कावीळ झाली. भडगावच्या दवाखान्यात सलाईन लावलं, औषध दिलं, आणि म्हणाले, महिनाभर आराम. आराम कुठं करणार? दादांनी ट्रॅक्टरवर दुसरा माणूस बसवला, आणि ज्या खोलीत आम्ही ड्रायव्हर राहायचो तिथं पिवळ्या डोळ्यांचा माणूस कुणाला नको होता. अक्कानं मला हाताला धरून खोपीत नेलं. स्वतः बाहेर वाळूवर झोपायला लागली. मी महिनाभर टरबूज, ज्वारीच्या कण्या आणि झिऱ्याचं पाणी यावर होतो. मला गावाची आठवण येऊन रडू यायचं, तेव्हा ती म्हणायची, "रड, रड. जितलं पानी बाहेर जाई तितला पिवळा रंग जाई." माझ्या आईनं केलं नसतं इतकं तिनं केलं, असं लिहिताना आईची भीती वाटते, पण ते खरं आहे.

बरा होऊन पुन्हा ट्रॅक्टरवर लागलो तेव्हा मी तिच्या पाया पडलो आणि म्हणालो, "अक्का, तुझ्यासाठी काय करू ते सांग."

तिनं वर गावाकडे पाहिलं. मग म्हणाली, "एक ट्रॉली वाळू वर टाकी दे."

तिच्या मुलाला, रमेशला, घरकुल मंजूर झालं होतं. तो सावद्याला केळीच्या गाड्या भरायचा, बायको-पोरं इथं गावातल्या पत्र्याच्या खोलीत. विटा आल्या होत्या, सिमेंट आलं होतं. वाळू अक्काकडे होती, म्हणजे अक्काची नव्हती, नदीची होती, पण तिला ती आपल्या घरातलीच वाटायची. मी पुढच्याच दिवशी दादांना न सांगता ट्रॅक्टर घेऊन उतरलो.

भरायची कुठून, हे तिनं दाखवलं. एक लोखंडी गज घेऊन ती वाडीच्या वरच्या अंगाला, वळणाच्या पोटात गेली. गज वाळूत खोचत, उपसत चालली. चालता चालता एका जागी थांबली आणि दोन्ही हातांनी गज दाबला. तो लोण्यात जावा तसा पूर्ण खाली गेला.

"आठे," ती म्हणाली. तोंडावर अभिमान होता. "आठेनी वाळू बघ. गाळ नही, माती नही. धोई लेल तांदूळसारखी. मन्हा सासरानी दाखाडेल जागा शे. गावमा कोनलेच ठाऊक नही."

"इथूनच तुझ्या झिऱ्याला पाणी येतं ना गं? काढली तर?"

"एक ट्रॉलीनी काय व्हस? एक पूर येऊ दे, बठ्ठं भरी जाई."

बठ्ठं म्हणजे सगळं, एवढी बोली मला तोवर येत होती. तिची ती ट्रॉली मी भरली. ती स्वतः फावडं घेऊन भरू लागली. घरापाशी ओतताना तिची नातवंडं ढिगावर नाचत होती, आणि अक्का सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली, "आते मन्हा आंडोर रमेश पक्का घरमा निजी!"

आता जे सांगायचं आहे ते मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही.

परत जाताना ट्रॉलीत पाटीभर वाळू राहिली होती. दादा अंगणात उभे होते. त्यांनी ती मुठीत घेतली, तळहातावर पसरली, फुंकली. धूळ उडाली नाही. "कुठली रे ही?"

मला म्हणता आलं असतं, कुठली तरी. मार बसला असता, कदाचित नोकरी गेली असती. महिनाभर घरी बसवलेल्या माणसाला पुन्हा कामावर घेतलं होतं, त्याची भीती मनात होती. पण फक्त भीती नव्हती. दादा कधी माझ्याशी नीट बोलले नव्हते, आणि त्या क्षणी ते माझ्याकडे असे बघत होते की जणू मी काही जाणतो. मी हात लांब केला आणि सांगितलं. वळणाच्या पोटात, अक्काच्या वाडीच्या वर. गज पूर्ण जातो, हेही सांगितलं.

चार दिवसांनी तिथं पोकलेन उतरलं.

आधी दादांचे तीन ट्रॅक्टर होते. मग भडगावकडून डंपर यायला लागले. मग गावातल्याच लोकांना वाटलं, बाहेरचे नेतात तर आपण का सोडायची? ज्याच्याकडे बैलगाडी होती तो बैलगाडीनं नेऊ लागला. कुणाला घर बांधायचं होतं, कुणाला ओटा, कुणाला नुसतीच दारात टाकून ठेवायची होती, भाव वाढला की विकायला. मंदिराच्या सभामंडपाला तिथूनच गेली. नदीबद्दल भाषण करणाऱ्या पुढाऱ्याच्या बंगल्यालाही तिथूनच गेली, मीच नेली. एकाचं नाव घेऊन बोट दाखवावं असं काही नव्हतं. सगळे जण थोडी थोडी नेत होते आणि प्रत्येकाला वाटत होतं, आपली तर एकच ट्रॉली.

अक्का पहिल्या दिवशी मशीनपुढे जाऊन उभी राहिली. ऑपरेटरनं मशीन थांबवलं. दादा गाडीतून उतरले, अगदी हात जोडून. दादा चारचौघांत कुणाशी वाईट बोलत नसत.

"अक्का, कसाले जीव जाळी राहिनी? तूच सांगस ना, एक पूर येऊ दे, बठ्ठं भरी जाई?"

तिचेच शब्द होते. ते तिनं हजारदा म्हटले होते, आणि तिचा त्यांवर विश्वास होता. ती खोटं बोलणारी बाई नव्हती, म्हणून स्वतःचेच शब्द तिला खोटे पाडता येईनात.

"हां," ती म्हणाली. "भरी तं जाई."

"मंग? एक उन्हाळा सरकी जा जराशी. पुढला साल नवी वाळू, नवी वाडी."

आणि ती सरकली. यात तिला कुणी फसवलं असं मला म्हणवत नाही. नदीवर जन्म काढलेल्या माणसानंच करावी अशी ती चूक होती. परक्या माणसानं शंका घेतली असती. तिनं भरवसा ठेवला.

त्या उन्हाळ्यात तिच्या झिऱ्याचं पाणी कोपराखाली गेलं. मग खांद्यापर्यंत. वैशाखात तिला वाळूत आडवं पडून, गाल टेकवून, हात आत घालावा लागायचा, आणि तो काढला की फक्त बोटांची टोकं ओली असायची. माझ्यासमोर तिनं एकदाही तक्रार केली नाही. नुसता हात दाखवायची. मी भाकरी घेऊन बसायचो आणि ती तशीच बांधून परत न्यायचो.

वेल सुकले. फळं धरली ती मुठीएवढी. तरी तिनं प्रत्येक वेलावर एक ठेवलं. सकाळी ती तशीच होती. कोल्हा आला नव्हता.

पाऊस आला. धरण भरलं, दारं उघडली, गिरणेला पूर आला. सगळं गाव काठावर, आणि सगळ्यांच्या पुढे अक्का. तिनं खणानारळानं ओटी भरली. पाणी दोन दिवस त्या खड्ड्यावरून गेलं. ती म्हणत होती, "बघा, भरी राहिनी. माय भरी राहिनी."

पाणी ओसरलं तेव्हा खड्डा खरंच अर्धा भरला होता. गाळानं. काळा, चिकट, शेवाळाचा वास येणारा गाळ. अक्का गज घेऊन उतरली. चिखलात मांडीपर्यंत रुतत गेली आणि गज खोचला. तो हातभर गेला आणि अडकला. तिनं जागा बदलली. पुन्हा खोचला. त्या दिवशी तिनं किती ठिकाणी खोचला मला माहीत नाही, मी काठावर ट्रॅक्टरपाशी उभा होतो आणि मला खाली उतरायचं धैर्य झालं नाही.

गाळातून पाणी झिरपत नाही. त्या दिवाळीपासून काठावरची गावाची पिण्याची विहीर तळाला गेली आणि टँकर सुरू झाला. ज्यांनी वाळू नेली आणि ज्यांनी नेली नाही, सगळे एकाच रांगेत हंडे घेऊन. अक्का रांगेत कधी उभी राहिली नाही. सुनेनं भरून आणलेलं पाणी ती प्यायची आणि म्हणायची, "लोखंडनं पानी."

मग एक दिवस ती मला म्हणाली, "ती जागा तूच सांगेल व्हती ना दादाले?"

आम्ही तिच्या घरकुलाच्या ओट्यावर बसलो होतो. खोपी त्या वर्षी झालीच नव्हती. मी मान खाली घातली. मला वाटलं, आता शिवी येईल, धपाटा येईल, आणि तो यावा असं फार वाटलं.

"माले तव्हयच ठाऊक व्हतं," ती म्हणाली. "तुन्हासिवाय कोनले ठाऊक व्हती ती जागा? आनी तुले कोन दाखाडी?" तिनं डाव्या हातातल्या बांगड्या वर सरकवल्या, खाली आणल्या. "पहिली ट्रॉली मन्ही व्हती, भो. नाचत नाचत नेल. दादानी काय, त्यानी मन्ही वाट धरी."

"अक्का, तुझी एकच होती."

"बठ्ठास्नी एकच व्हती," ती म्हणाली.

त्यानंतर मी दादांकडचं काम सोडलं. मोठा शहाणपणा केला असं नाही, तिथं बघवत नव्हतं एवढंच. जळगावला एकाची रिक्षा चालवायला मिळाली, मग बायको-पोरींना इकडे आणलं. जळगावला निघालो त्या दिवशी अक्काला भेटायला गेलो, तर घराला कडी. सून म्हणाली, "आत्या नदीवर. त्या आते येड्यासारखं करी राहिन्यात. तुम्ही समजाडा."

घरकुल बांधून झाल्यावर ओट्याच्या कडेला थोडी वाळू उरली होती, पोरं त्यात खेळायची. तो ढीग गेला होता. जमीन झाडून घेतल्यासारखी.

मी नदीच्या उतारावर आलो, तेव्हा ती खालून वर येत होती. डोक्यावर चुंबळ, हातात रिकामी पाटी. ढिगातली वाळू ती रोज पाटी पाटी करून खड्ड्यात नेऊन टाकत होती. ती संपली होती. आता गल्लीत ज्याच्या दारात उरलेली वाळू असेल तिथं जाऊन मागत होती. काही जण हसत देत होते, काही जण नुसतेच हसत होते.

मी म्हणालो, "अक्का, याला मशीन पाहिजे. पाटीनं काय होणार?"

"माले कोठे पुरा खड्डा भरना शे?" ती म्हणाली. "मन्ही एक ट्रॉली शे. तितली माले टाकनी."

मी जळगावला चाललोय हे सांगितलं. तिनं उजवा, मोकळा हात माझ्या तोंडावरून फिरवला. कोरडा होता. मग मला वरून खालपर्यंत बघून म्हणाली, "रिकामा उना का?"

मला वाटलं, निरोप घ्यायला आलेल्या माणसानं काही खाऊ आणायला हवा होता. मी ओशाळून म्हणालो, "घाईत आलो गं, काही आणलं नाही."

"दिसी राहिनं," ती म्हणाली. "पुढला टाइम येशी तं रिकामा येऊ नको."

ती गल्लीकडे वळली. मी पुलावर जाऊन एसटीची वाट बघत उभा राहिलो. गाडीला उशीर होता. तेवढ्या वेळात ती एक भरलेली पाटी घेऊन परत उतरली. पुलावरून तो खड्डा पहिल्यांदाच मला सबंध दिसत होता. वळण राहिलंच नव्हतं, नुसता काळा चिखल, त्यात मशीनच्या दातांचे ओरखडे. आणि एका कोपऱ्यात फिकट रंगाचा एक ठिपका, अंथरलेल्या गोधडीएवढा. अक्कानं त्यावर पाटी उपडी केली. रिकामा म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. चप्पल घातलेली नव्हतीच, तरी पाय झटकले. मग उकिडवी बसली, तळहातानं वाळू सारखी केली, आणि तिच्यात मोकळा हात खुपसून, डोळे मिटून, बराच वेळ तशीच बसून राहिली.